श्वास न घेणारी बाई

भोंगा जन्मली तेव्हा तिच्या पहिल्याच टाहोने सुईणीच्या चष्म्याची एक काच तडकली. सुईण उरलेल्या काचेतून बघत म्हणाली, "मुलगी आहे. पण आवाजावरून दोन असाव्यात, जरा थांबा." दुसरी कोणी आली नाही. जे काय होतं ते एकीतच होतं. आईने हौसेने ठेवलेलं नाव शाळेच्या दाखल्यावर पिवळं पडलं. घरात, गल्लीत आणि पुढे पोस्टरवर ती भोंगाच राहिली.

आईची लाँड्री होती. पुढे काउंटर, मागे धुलाईची दोन यंत्रं आणि मधे वाफेचा प्रेस, एखाद्या आजारी हत्तीसारखा धापा टाकत बसलेला. पायाने पट्टी दाबली की झाकण खाली यायचं, खट. मग वाफ सुटायची, फुस्स. हॉटेलच्या चादरी, वेटरांचे कोट, डॉक्टरांचे डगले, सगळे त्याच्या जबड्यातून जायचे. त्या आवाजात कोणाचं बोलणं कोणाला ऐकू यायचं नाही. आईने खुणांनी बोलायची सवय लावून घेतली, थोरल्या ताईने लग्न करून पळ काढला, आणि भोंगाने गायला सुरुवात केली. गल्लीतले लोक सांगायचे की तिचा वरचा सूर लागला की दोरीवरच्या चादरी आपोआप वाळतात. आईने पावसाळ्यात हे करून पाहिलं होतं म्हणे. उशांचे अभ्रे वाळले. चादरींना जरा वेळ लागला.

लाँड्रीत येणारं प्रत्येक गिऱ्हाईक दारातूनच ओरडायचं, "अर्जंट आहे!" लग्नाला निघालेलं अर्जंट, मुलाखतीला निघालेलं अर्जंट, आणि ज्याला आयुष्यात कुठेच जायचं नव्हतं तो सगळ्यात अर्जंट. या लोकांबद्दल भोंगाला इतका तिटकारा होता की त्यातून एक गाणंच झालं. प्रेसच्या खट-फुस्सवर तिने ते बसवलं:

घाई नाही, राजा, घाई नाही,
तुझ्या सुरकुत्या कुठे पळत नाहीत,
ठेव इथे खांद्यावरचं ओझं,
गरम हात माझे जळत नाहीत.

एरवी माणसांना शिव्या घालणारी ही बाई गाताना मात्र अशी विरघळायची की काउंटरवरचा अर्जंट माणूस आपली पिशवी विसरून उभा राहायचा. प्रत्येक ओळीनंतर ती एक मोठा, पोट भरून श्वास घ्यायची. प्रेस जिथे वाफ सोडायचा, बरोबर तिथे. गाणं अर्धं शब्दांत होतं आणि अर्धं त्या श्वासात.

ज्या हॉटेलच्या चादरी धुवायला यायच्या, त्याच्या तळघरातल्या हॉलमध्ये ती शनिवारी गायला लागली. तेव्हा तिच्या थोरल्या बहिणीचे यजमान पुढे सरसावले. भावोजींचा व्यवसाय म्हणजे दुसऱ्याच्या व्यवसायाजवळ उभं राहणं. आधी ते एका मिठाईवाल्याजवळ उभे राहायचे, मग एका बिल्डरजवळ, आणि आता ते मेहुणीजवळ उभे राहिले.

"मेहुणीबाई, तुमच्या गाण्याला काय म्हणतात ठाऊक आहे? सोल!"

"सोल?" आई खुर्चीतून म्हणाली. "चपलेचा?"

"आत्म्याचं गाणं, सासूबाई. आणि त्यावर नाचता येतं. सोल आणि डान्स, दोन्ही! एका तिकिटात दोन."

"आत्मा नाचवून पोट भरतंय होय? मग इतके दिवस तुम्ही काय नाचवत होतात, जावईबापू?"

भावोजी हसले. त्यांना अपमान झालेला कळत नसे. हा त्यांचा एकमेव गुण, आणि त्या धंद्यात तेवढा पुरे असतो.

त्यांनीच बटणमास्तरला आणलं. तळघरातसुद्धा काळा चष्मा लावणारा हा इसम, त्यामुळे पहिल्याच भेटीत त्याने खांबाशी हस्तांदोलन केलं. गाणी "बनवणारा" म्हणून त्याची मोठी ख्याती. त्याने आयुष्यात स्वतः एक सूर काढला नव्हता, दुसऱ्यांचे काढून घेण्यात मात्र त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. त्याची खोली पाहून भोंगाला वाटलं, एखाद्याने शंभर इस्त्र्या एकमेकींना जोडून ठेवल्यात: जिकडे पाहावं तिकडे बटणं, दिवे आणि वायरी. भिंतींना काळा स्पंज, खिडकी नाही.

बटणमास्तरची काम करायची एक पद्धत होती. गाणं तो सलग गाऊच द्यायचा नाही. एक ओळ पंधरा वेळा. मग तिसऱ्यातली "घाई" उचलायची, आठव्यातलं "नाही" उचलायचं, अकराव्यातला "राजा" त्यांच्यामध्ये बसवायचा. जुन्या चादरींची ठिगळं जोडून गोधडी करावी तसं. हे एक वेळ भोंगाने सोसलं. पण मग त्याने ओळींच्या मधले तिचे श्वास एकेक करून कापायला सुरुवात केली.

"हे काय करताय?"

"साफ करतोय. श्वास म्हणजे घाण. लोकांना नाचायचंय, तुमची फुप्फुसं ऐकायची नाहीत."

"अहो, डाग काढायला तो काय शर्ट आहे? श्वास काढलात तर बाई जगेल कशी?"

"रेकॉर्डवर कोणाला जगायचंय?" मास्तर म्हणाला, आणि आणखी एक बटण दाबलं.

त्या बटणाने गाण्याचा वेग वाढला. वेग वाढला तसा आवाज वर चढला. भोंगाचा दणदणीत, गरम आवाज आधी मुलीसारखा झाला, मग मांजरीसारखा, मग कानाशी गुणगुणणाऱ्या डासासारखा. आणि तो डास पिसाळल्यासारखा ओरडत होता, घाईनाहीराजाघाईनाही! मास्तर खूश होऊन खुर्चीत उड्या मारत होता. भोंगा उठून घरी गेली. असल्या गोष्टीला कोण कुत्रं विचारणार, असं तिला वाटलं.

इथे तिचा अंदाज चुकला. लोकांच्या अकलेबद्दल तिचं मत वाईटच होतं, पण पुरेसं वाईट नव्हतं. महिनाभरात ते गाणं सगळीकडे वाजायला लागलं. "घाई नाही" हे शब्द ऐकत लोक इतक्या घाईने नाचायचे की हाडवैद्यांची भरभराट झाली. एका हॉलमध्ये म्हणे जमीन खचली आणि नाचणारे खालच्या मजल्यावर जाऊन तसेच नाचत राहिले; खालच्यांनाही ते कार्यक्रमातच असावं असं वाटलं.

आणि एका सकाळी लाँड्रीच्या समोरच्या भिंतीवर पोस्टर लागलं. त्यावर गाण्याचं नाव होतं आणि एका पोरीचा फोटो. उंच, पातळ, डोळे एवढे मोठे, आणि हात-पाय असे की वाऱ्याने मोडतील. "काडी," आई म्हणाली, आणि तेच नाव तिला चिकटलं.

भावोजी समजूत घालायला आले. "चेहरा रेकॉर्ड कंपनीचा, गळा आपला. यात वाटणी असते, मेहुणीबाई. तिला तोंड छान हलवता येतं."

"म्हणजे कपडे आपण धुवायचे," आई म्हणाली, "आणि घालून मिरवायचे तिने."

"सासूबाई, तुम्हाला हा धंदा कळायचा नाही."

"तोच तर सांगतेय तुम्हाला. चाळीस वर्षं करतेय."

भोंगाला पोस्टर नको होतं, फोटोही नको होता. आरशात पाहून तिने त्याबाबत स्वतःशी समेट केव्हाच केला होता. तिला एवढंच हवं होतं की आपलं गाणं लोकांनी आपल्या तोंडातून निघताना बघावं. तेवढ्यासाठी ती कंपनीत गेली.

कंपनीत एका लांब टेबलामागे पाच जण बसले होते. पाचांचीही केशरचना एकाच माणसाने रागाच्या भरात केलेली असावी. कोपऱ्यात बटणमास्तर चष्मा पुसत बसला होता.

"तुमचा आवाज आहे म्हणता? मग गाऊन दाखवा," मधला म्हणाला.

भोंगा गायली. वाफेच्या प्रेसवर चढणारा तो गळा त्या बंद खोलीत सुटला तेव्हा टेबलावरचे पाण्याचे पेले सरकत सरकत कडेला गेले. गाणं संपलं. पाचांनी एकमेकांकडे पाहिलं.

"छान आहे. पण ही ती नव्हे."

"मूळ गाण्यातली बाई कोवळी आहे."

"आणि मूळ गाण्यातली बाई श्वास घेत नाही. तुम्ही फार घेता."

"मूळ?" भोंगा म्हणाली. "अहो, तुमची बाई तीन मिनिटं एकदाही श्वास घेत नाही. अशा बाईला गायिका नाही म्हणत, प्रेत म्हणतात! विचारा की या चष्मेवाल्याला!"

पाचांनी मास्तरकडे पाहिलं. मास्तरने काच प्रकाशाकडे धरून पाहिली, फुंकर मारली. "थोडं साम्य आहे," तो म्हणाला.

रेकॉर्डच्या वेगाने, त्या उंचीवर, न थांबता तिला गाता येईना. ते तिलाच काय, कोणालाच येणार नव्हतं. स्वतःचाच आवाज आपला आहे हे सिद्ध करायच्या परीक्षेत भोंगा नापास झाली. जिना उतरताना तिने पाचही जणांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, तो खालच्या मजल्यावर ऐकू आला, आणि तिथल्या कारकुनांनी त्यावर ठेका धरला.

मग पुष्कळ दिवस ती चादरीच दाबत होती. गाणं मात्र थांबेना. काडी गावोगाव जायची, मागे रेकॉर्ड वाजायची, पुढे काडी तोंड हलवायची. अखेर फॅशन बदलली. लोकांना एकाएकी "खरं गाणं" हवं झालं. ज्यांना खोटं कळलं नव्हतं त्यांना खरं काय कळणार, पण फॅशनला अक्कल लागत नाही. मोठ्या मैदानावर दुपारी कार्यक्रम ठरला होता, आणि मैदानवाल्यांनी अट घातली: रेकॉर्ड लावायची नाही, जागेवर गायचं.

दुसऱ्या दिवशी लाँड्रीच्या काउंटरवर भावोजी आणि बटणमास्तर उभे होते.

"मेहुणीबाई, जरा अर्जंट आहे."

"कपडे कुठेत?"

"तसं नाही हो. तुम्ही फक्त पडद्यामागे उभं राहायचं आणि गायचं. पुढे काडी असेल. कोणाला कळणार नाही!"

"कळू नये याचीच तर हौस आहे मला," भोंगा म्हणाली. मग तिने विचारलं, "जागेवर गायचं म्हणजे माणसाच्या वेगाने गायचं. आहे कबूल?"

मास्तरने मान डोलावली. "काडी कोणत्याही वेगाला तोंड जुळवते. त्यात तिचा हात... म्हणजे तोंड कोणी धरणार नाही."

ते गेल्यावर आई म्हणाली, "जाणार तू? लाज नाही वाटत?"

"त्यांना वाटत नाही, मग मी एकटीनेच का वाटून घ्यायची? आई, पडद्यामागून का होईना, माझं गाणं माझ्या वेगाने एकदा लोकांच्या कानात पडेल. एवढं तरी होऊ दे."

तालमीला काडी आली ती वाकून. "ताई, तुम्ही म्हणा, मी ओठांकडे बघते." आणि खरोखर, पोरीचं काम चोख होतं. भोंगाने जमेल तितकं कुत्सित होऊन पाहिलं, पण खोट सापडेना. "राजा" म्हणताना भोंगाचा डावा गालसुद्धा जरा वर जायचा, तो काडीने तिसऱ्या खेपेला उचलला.

"अगं काडे, एवढी मेहनत करतेस, त्यापेक्षा गायला का नाही शिकलीस?"

"शिकत होते, ताई. मग हे लोक म्हणाले, चेहरा आहे तर गळ्याचा खर्च कशाला."

भोंगाने घसा राखायचा म्हणून सगळी तालीम बसून, गुणगुणत केली. काडीला शब्द मिळाले, गाल मिळाला, भुवया मिळाल्या.

कार्यक्रमाच्या दिवशी मैदानात इतकी माणसं होती की वरून उडणाऱ्या कावळ्यांना बसायला डोकी कमी पडली नाहीत. पडदा काळा होता, त्याला शिवणीत एक फट होती. भोंगा घरच्या कपड्यांत, पायात सपाता घालून माइकसमोर उभी राहिली आणि फटीतून बघत गायला लागली. संथ. गरम. घाई नाही, राजा.

मैदान आधी गोंधळलं. मग गप्प झालं. मग पुढच्या रांगेतल्या एका दांडग्या माणसाने डोळ्याला रुमाल लावला. बायका एकमेकींच्या खांद्यावर डोकं टेकायला लागल्या. भोंगाचं काळीज भरून आलं. पुढच्याच क्षणी तिला दिसलं की हे सगळे काडीकडे बघतायत. काडी ओठ हलवत होती, गाल उचलत होती, आणि तिचं तोंड इतकं तंतोतंत जुळत होतं की क्षणभर भोंगालाच वाटलं, मी कोण मग? पुढच्या रांगेत कोणीतरी पुटपुटलं, "काडी काय परिपक्व झाली हो!"

डासाचं गाणं चोरीला गेलं होतं ते गेलं. आता हे खरंही चाललं होतं, तिच्या डोळ्यांदेखत, तिच्याच मदतीने.

भोंगाच्या डोक्यात सणक गेली. ओळ संपली होती. तिने श्वास घेतला. रागाचा, पोटापासून, प्रेसच्या वाफेसारखा. आणि समोर माइक होता हे ती विसरली होती. मैदानाच्या चारी कोपऱ्यांतल्या डोंगराएवढ्या स्पीकरांतून तो श्वास असा निघाला की पुढच्या रांगेतल्या टोप्या स्पीकरांकडे ओढल्या गेल्या. आणि त्या वेळी काडी ओठ मिटून गोड हसत उभी होती.

कोणीतरी फिसकन हसलं.

भोंगाला एकदम उमजलं. पोरीने सगळं शिकून घेतलं होतं, पण ज्या रेकॉर्डवरून तिने चारशे वेळा तोंड हलवलं होतं, तिच्यात श्वास नव्हतेच. श्वास घ्यायचा कुठे हे तिला ठाऊकच नव्हतं! पुढची ओळ भोंगा गायली, आणि शेवटी पहिल्यापेक्षा मोठा श्वास घेतला. काडी दचकली आणि घाईने तोंड उघडलं. पण नेमकं श्वास संपल्यावर. आता हशा पसरला. तिसऱ्या खेपेला भोंगाने नुसताच श्वास घेतला आणि शब्द टाकलाच नाही. काडी उघड्या तोंडाने उभी. मैदान शांत. बटणमास्तर बटणांवर दोन्ही हातांनी पडला, पण चालू श्वास बंद करायचं बटण त्याच्याकडे नव्हतं, रेकॉर्डमधला कापायचं होतं.

भोंगाने माइक उपटला आणि पडदा बाजूला सारून सपातांसकट पुढे आली.

"ही कोण?" कोणीतरी ओरडलं.

"पडदा ओढणारी असेल!"

"बाजूला हो, बाई! गाणं चाललंय!"

"तेच सांगायला आलेय," भोंगा माइकवर म्हणाली, "की कुठून चाललंय." आणि तिने उरलेलं गाणं, तोंड उघडून, गाल उचलून, श्वास घेत, सगळ्यांच्या देखत म्हटलं. काडीचे ओठ सवयीने शेजारी हलत राहिले. मग तिने स्वतःच ते मिटले, ड्रमच्या चौथऱ्यावर बसली, पाय पोटाशी घेतले आणि ऐकायला लागली. त्या मैदानात ऐकणारी तेवढी एकच होती. बाकीचे ओरडत होते. कागदी पेले उडत होते. "फसवणूक!" लोक बोंबलत होते, "आमच्या काडीच्या आवाजाची नक्कल करते!" रुमालवाला दांडगा माणूस सगळ्यात पुढे होता, अश्रू परत मागता येत नाहीत याचा त्याला फार राग आला होता.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी छापलं की एका लाँड्रीवालीने मंचावर घुसून कलावंताचा अपमान केला. कंपनीच्या पाच जणांनी दुःख व्यक्त केलं. भावोजी रातोरात कंपनीजवळ उभे राहायला गेले, आणि कंपनी खचेपर्यंत तिथेच उभे होते.

पण पडदा एकदा सरकला तो सरकला. पुढे भोंगाचं स्वतःच्या नावाचं पोस्टर निघालं, लहानसं. तळघरातला तोच हॉल, साठ खुर्च्या, त्यांतल्या निम्म्या भरलेल्या. आई पहिल्या रांगेत, कोणाच्या कॉलरला नीट इस्त्री नाही ते बघत बसलेली. भोंगाने नवी गाणी म्हटली, लोकांनी जांभया दाबल्या. मग मागून एक गडी उठला. भडक शर्ट, तोही चुरगळलेला.

"अहो बाई, ते काडीचं गाणं म्हणा ना!"

आईने मान वळवून त्या शर्टाकडे असं पाहिलं की एखादा बसलाच असता. हा उभाच.

"काडीचं नाही. माझं आहे," भोंगा म्हणाली.

"असेल हो. पण तेच म्हणा. आणि जरा जोरात घ्या, नाचायचंय."

भोंगाने त्याला नखशिखान्त न्याहाळलं. काय बोलावं याचे सात-आठ प्रकार तिच्या जिभेवर आले, एकाहून एक जहाल. पण ते सगळे बोलायचे तर गाणं थांबवावं लागलं असतं, आणि आता कुठे ते तिच्या तोंडात आलं होतं. तिने ड्रमवाल्याला खूण केली. संथ. घाई नाही, राजा.

तो गडी नाचायला लागला. दोन खुर्च्या पाडल्या. टाळी तर प्रत्येक वेळी अर्धी मात्रा उशिरा, जशी काही घरून निघून बसने येत होती. भोंगाने एक ओळ हे सोसलं, दुसरी सोसली. मग तिसऱ्या ओळीला तिने काय केलं, तर शब्द जरासा लांबवला, इतकाच की तो नेमका त्या मूर्खाच्या टाळीखाली येऊन पडावा. ड्रमवाल्याने भुवया चढवल्या, मनात शिवी हासडली आणि तोही तिच्या मागून सरकला. सगळं गाणं अर्धी मात्रा बाजूला होऊन त्या एका चुरगळलेल्या माणसाच्या तालावर आलं.

त्याचा चेहरा उजळला. आपल्याला ताल आला असं त्याला वाटलं. असल्या माणसाला खरं काय ते तोंडावर सांगायला हवं होतं, पण भोंगाचं तोंड कामात होतं.